बाटलीतला समुद्राचा गाळ

बाबा, समुद्राच्या गाळाची ती बाटली फुटली नव्हती. मी तुमच्याशी खोटं बोलले.

आणीबाणीतला उन्हाळा होता. दिघोरीचा तलाव आटला होता आणि तुम्ही तळाचा गाळ मला बैलबंडीत भरून देत होतात. आधी तो बोटांत चोळायचा, हुंगायचा, जिभेला लावायचा, ही तुमची रीत. "काळा हाय, वास मारते. महिनाभर उन्हात पसरव, मंग टाकजो," असं तुम्ही बजावलं होतं. मला घाई. ओलाच गाळ धानाच्या पऱ्ह्यांत, रोपांच्या वाफ्यात टाकला आणि कोवळी रोपं पिवळी पडली. रोवण्याला आलेल्या बायांसमोर तुम्ही म्हणालात, "काहून वो, पुस्तकं वाचते मनते, अन् गाळाचा वास नाई समजत?" एक बाई म्हणाली, "जाऊ द्या ना बुवा, पुस्तकाले कुठं वास रायते!" सगळ्या हसल्या. ते हसू माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तुमचे जावई बंदरातला गाळ उपसणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी होते. समुद्राच्या तळाशी कसा गाळ असतो, हे तुम्ही त्यांना दर खेपेला विचारायचात. दिवाळीत त्यांनी तो लोणच्याच्या बाटलीत भरून आणला आणि सुट्टी संपली म्हणून परत गेले. कळल्यावर तुम्ही पायी आलात. अंगणात हात धुतलेत. "आण वो माय, पाहू दे." मी म्हटलं, "गाडीतच फुटली." तुम्ही ओले हात धोतराला पुसलेत. "बरं. पुढच्या खेपेले." पुढच्या खेपेला तुम्ही नव्हतात.

आता हेही नाहीत. परवा वाचनालयाच्या एका पुस्तकात वाचलं, समुद्रतळाच्या बारीक गाळात हवा पोचत नाही, तिथे गंधक आणि लोखंड मिळून काळा रंग येतो, कुजका वास सुटतो, आणि हवा लागली की तो तपकिरी होतो. पुस्तक मिटलं आणि फळीवरची बाटली उघडली. आपल्या तलावाचाच वास, बाबा. बोटांत चोळला, लोण्यासारखा मऊ, मध्येच शिंपल्याची कच. जिभेला लावला, खारट. ताटलीत पसरून उन्हात ठेवला. संध्याकाळी वरचा थर तपकिरी झाला होता.

हे पत्र घडी करून रिकाम्या बाटलीत ठेवते आहे. त्या दिवशी बायांसमोर एवढंच म्हणायचं होतं, ते आज लिहिते. मला वास आला होता. तरी टाकला.