दिसलं तेवढं

आई,

मी एक्सरे काढायले सेवाग्रामले जाऊन राह्यली. डाव्या हातानं लिहिलं आहे, अक्षर लावून घेजा. वर्षालीचं दूध ओट्यावर झाकून ठेवलं आहे. चार वाजता तिचा खेळाचा अर्धा तास असते, आज तुम्ही बसजा. अंगणवाडीतल्या पालकांच्या ट्रेनिंगमधल्या ताईनं सांगितलेलं ध्यानात आहे ना? शिकवायचं नाई, विचारायचं नाई, रागवायचं नाई. पोरगी खेळताना जे दिसते, तेवढंच बोलून दाखवायचं.

मागच्या वेळी तिनं बाबा-बाहुल्याच्या हातानं आई-बाहुलीले भिंतीवर आपटलं. मी नियमानं म्हटलं, "बाबानं आईले आपटलं." तर म्हणे, "नाई, आई पडली." आपण दोघी शेजारच्यायले सांगतो ना, अगदी त्याच आवाजात. चार वर्षांची पोरगी.

म्हणून आज डॉक्टरनं विचारलं तर मी पडली म्हणणार नाई. मंग पोलीस घरी येतील. काल तुम्ही दारातच उभ्या होत्या. तुमचा मुलगा आहे, मले समजते. पण तुम्हाले विचारलं, तर खेळात करता तसंच करजा. दिसलं तेवढं सांगजा.

माधवी