आभारवाले काका

मंगळ. ४ नोव्हें., देवास
भोपाळहून फोन. दिल्लीला पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आपल्या जिल्ह्यातून एक साधा कार्यकर्ता बोलणार, तीन मिनिटं. नाव आणि व्हिडिओ शनिवारपर्यंत. जिल्हाध्यक्ष हात झटकून मोकळे, म्हणाले कार्यालय आप देखती हो, आप ही तय करो. म्हणजे सगळं माझ्या गळ्यात.
घरी येईपर्यंत काकांना कळलेलंही होतं. चाळीस वर्षं देवासच्या प्रत्येक सभेत आभार त्यांनीच मानले. मुख्य भाषण एकदाही नाही. त्यांचं जाकीट ड्रायक्लीनला गेलंय!

बुध. ५
खातेगांवच्या रुक्माबाई रेकॉर्डिंगसाठी बसने आल्या. सोयाबीन, भाव, मंडीतली रांग. पावणेदोन मिनिटांत आटपलं. म्हटलं अजून वेळ आहे, तर म्हणतात, "तीन मिनट तो घणा है दीदी." पुन्हा बघितला व्हिडिओ. बाई खरं बोलते.

गुरु. ६
काकांचं रेकॉर्डिंग. सुरुवात झकास. मग अध्यक्षांचे आभार, मग मंडपवाल्यांचे, माईकवाल्यांचे, पाणी पाजणाऱ्यांचे. सात मिनिटं. तीनदा घेतलं, तिन्हीदा तेच. आणि कार्यालयातली मंडळी सवयीने उठून खुर्च्या एकावर एक रचायला लागली. मला हसूही येईना.

शनि. ८
रुक्माबाईंचं नाव पाठवलं.
हे गेल्यावर मला घराबाहेर काढून या कार्यालयात बसवलं ते काकांनी. पहिलं पत्र कसं लिहायचं तेही त्यांनीच शिकवलं. आणि मी त्यांच्या एकुलत्या एका संधीवर... उद्या सांगेन. फोनवर नाही सांगणार.

रवि. ९
गेले. काकूने पोहे पुढे ठेवले, मी बशी बाजूला सारली. शेवटी एका दमात सांगून टाकलं. काका चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "सुटलो, बाई."
मला वाटलं माझी समजूत घालताहेत. पण काकू म्हणाली, आठवडाभर धड जेवलेले नाहीत, दिल्लीचं नाव काढलं की उठून देवासमोर जाऊन बसतात.
"अगं, आभाराच्या वेळी कोणी ऐकत नसतं. म्हणून तर इतकी वर्षं बोललो."
मग दोनदा पोहे घेतले, वर शेव. मीही घेतले. जीव भांड्यात पडला. येताना रिक्षात उगाच रडले, बरं वाटलं.

बुध. १२
भोपाळहून कळलं, रुक्माबाईंचं नाव वर आहे, पक्की यादी नंतर. त्यांच्यासोबत कोणीतरी अनुभवी हवं. काका लगेच तयार. दुपारी कार्यालयात, बसने आलेल्या रुक्माबाईंना माईकपासून किती लांब उभं राहायचं ते दाखवत होते. खुशीत होते अगदी.
जाताना दारातून परत आले. हळूच म्हणाले, "दिल्लीला शेवटी आभार कोण मानणार आहे गं? सहज. विचारून ठेव."
भोपाळचा नंबर समोरच आहे. अजून लावलेला नाही.