पाव टनाच्या आत

३ फेब्रुवारी १९६०

सेक्टर सहामध्ये कारखान्याचं क्वार्टर मिळालं! नळ, वीज, मागं अंगण. आनंदानं मी उगाच भांडी पुन्हा घासली.

पण सासूबाई, म्हणजे आमच्या आई — "मी हे भिलाई-तीनचं घर सोडत नाही. तुमी जा. माहं जातं घेऊन जा, मले नेऊ नका." यांचा चेहरा पडला. मी आईंचे पाय चेपत बसले.

६ फेब्रुवारी

उद्या ठेकेदाराची जीप, मागं छोटा ट्रेलर. एकच फेरी. ट्रेलरच्या फळीवर रंगानं लिहिलंय — जास्तीत जास्त ओझं पाव टन. हे म्हणजे कारखान्यात दिवसभर क्रेनला ओझी बांधणारा माणूस. असा आकडा म्हणजे यांना कायदा! सगळं सामान लाकडाच्या वखारीत नेऊन काट्यावर चढवलं. माझी पुस्तकांची पेटीसुद्धा. "तुह्या कथा लय जड आहेत!"

आई तांदूळ निवडत होत्या. कान मात्र इकडेच.

७ फेब्रुवारी, रविवार

आजची गंमत लिहिलीच पाहिजे!

सामान चढलं. सगळ्यात शेवटी जातं. हे वाकून ट्रेलरची स्प्रिंग बघतात — "झालं. पाव टन पूर्ण. आता चमचाबी नाही."

आई दारात. "अन् मी?"

"तू येऊन नाही ना राहिली. तुले मोजलंच नाही."

"मोजलं नाही? नऊ महिने तुले पोटात वागवलं, तवा म्या मोजलं व्हतं का रे देव्या?"

शेजारची हिरा पदराआड हसायला लागली.

आई तरातरा पुढं आल्या. "उतरव ते जातं! हिराकडे ठेव. त्याच्या जागी मी बसतो!"

ड्रायव्हर टिकाराम म्हणाला, "बइठ दाई, धीरे चलाहूँ." दाई म्हणजे इकडं आई.

गाद्यांवर ताठ बसून आई रस्ताभर लोकांना हात करत होत्या. मला हसू येत होतं, आणि आत कुठंतरी दुखतही होतं. एवढीशी बाई — आपल्याच घराच्या सामानात तिला धरलं नाही! यांचा राग आला. विसरले कसे?

१० फेब्रुवारी

आई विजेचा दिवा लावतात, विझवतात, पुन्हा लावतात.

१४ फेब्रुवारी

हे सायकलवरून जातं घेऊन आले, आत आईंजवळ ठेवलं. बाहेर आल्यावर मी विचारलंच — त्या दिवशी आईंना विसरलात कसे?

चाकाची हवा बघत हळूच म्हणाले, "विसरीन कावून? आई अन् जातं, दोन्ही धरून पाव टनाच्या आतच व्हतं. पण तसं म्हटलं नसतं तं आली असती का ती? तिले सांगू नको."

आतून जात्याची घरघर सुरू झाली.