निळ्या ताऱ्याचा जोडीदार

९ जानेवारी
आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन, म्हणून गावी, कुंभारीत. लॅपटॉप सोबत आलाच, पीएच.डी. कुठं सुट्टी देते! अंगणात बसून पडद्यावर तोच म्हातारा तारकागुच्छ. सगळी भावंडं एका वयाची, पिकून लाल झालेली. हा एकच तारा निळा, तरणाबांड. का?

१० जाने.
सापडलं!! आईशप्पथ. अवकाश दुर्बिणीच्या दूर-अतिनील फोटोत हा निळा असायला हवा त्याच्या कितीतरी पट तेजस्वी. म्हणजे याला चिकटून एक मेलेला, इवलासा, कढत तारा लपलाय. साध्या प्रकाशात दिसत नाही, इथंच चमकतो. त्याच्याच अंगचा वायू खाऊन आमचा निळा राजा तरुण झालाय! असे लपलेले जोडीदार या दुर्बिणीनं आधीही पकडून दिलेत, पण हा माझा. हा प्रकाश हवेतून खाली येतच नाही, म्हणून दुर्बीण वर अवकाशात. बनवणाऱ्यांचे पाय धरावेत.
आबा, डोळ्यावर पट्टी: "आपल्याला दिसतच न्हाय, तर हाय कशावरनं?"
"दुर्बिणीला दिसतंय की."
"लई हुशार हाय मग ती."
व्हयच मुळी.

११ जाने.
बंगळूरला गाईड मॅडमना फोन. ओरडल्याच आनंदानं. महिनाअखेर परिषद, तिथं मी बोलायचं. आयुष्यातलं पहिलं भाषण. आईनं गल्लीभर शेंगापोळ्या वाटल्या, "पोरीनं ताऱ्याचा जोडीदार शोधला." शेजारच्या काकू: "आन् स्वतःचा कवा?" झालं सुरू.

१६ जाने.
कुठंतरी पाणी मुरतंय. तेज मोजताना फोटोत ताऱ्याभोवती वर्तुळ काढायचं, आतला उजेड सगळा त्याचा धरायचा. अतिनील फोटोत थंड तारे दिसतच नाहीत, गुच्छ रिकामा वाटतो. म्हणून मी ऐसपैस वर्तुळ काढलं. आज साध्या प्रकाशातला फोटो त्यावर ठेवला. वर्तुळात दुसराच एक तारा, निळसर! त्याचा उजेड मी माझ्या राजाच्या नावावर चढवला. गाढव आहे मी. जेवले नाही.

१७ जाने.
वर्तुळ आवळलं. जादा उजेड पार उतरला. उरला थोडासाच, आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर... जोडीदार असलाच तर निवत आलेला. किंवा नाहीच. रडले. तरी तो उरलेला ठिपका बघत बसले. एवढ्या लांबून आलेला उजेडाचा कण न् कण दुर्बिणीनं टिपला. चुकले मी, तिची काडीची चूक नाही. काय यंत्र आहे!

१८ जाने.
मॅडमना सांगायची हिंमत होईना. आधी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "आता पोळ्या परत मागायच्या का गल्लीतनं?"
हसून हसून पोट दुखलं. त्याच हसण्यात फोन लावला. मॅडम: "बरं केलंस. भाषण रद्द करू या?"
उद्या सांगते म्हटलं.

१९ जाने.
रद्द नाही. दोन्ही वर्तुळं दाखवणार, आधी चुकीचं. मॅडम म्हणाल्या, समोर बसलेल्यांतल्या कितीकांनी असंच केलं असेल, बोलत कोणी नाही. पुन्हा निरीक्षणासाठी अर्ज केलाय. दुर्बीण म्हातारी झालीय, वेळ मिळेल न मिळेल.
आई भाकऱ्या थापता थापता: "मग हाय का न्हाय त्याला कोन?"
माहीत नाही गं.
"असू दे बया कोनीतरी. येवढ्या लांब एकलं..."
मलाही तसंच वाटतं. पण भाषणात तसं म्हणता येत नाही.