खंडाळ्याच्या बंगल्यात चंद्रिकेचं माप

तळेगाव दाभाडे,
माघ वद्य पंचमी, शके १८६०

ती. अक्काच्या पायांवर (मोडलेला पाय जपून वगळून) धाकट्या त्र्यंबकाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा पाय कसा आहे? हाडवैद्याने बांधलेल्या फळ्या अजून जागेवर आहेत, की तू स्वतःच सोडून चुलीत घातल्यास? (तुझा भरवसा नाही, म्हणून विचारतो.) दाजींचा दमा थंडीत बरा राहिला का? कपिला व्याली का? वराळ्याहून तळेगाव ते केवढं, पण तुला आमच्या चंद्रिकेच्या लग्नाला येता आलं नाही याची चुटपुट आम्हा सगळ्यांना लागून राहिली आहे. ज्या पोरीला तू कडेवर वाढवलंस तिच्याच लग्नात तू नाहीस, म्हणून अनसूया तर मांडवातही डोळे पुसत होती. तुझं पत्र पोचलं. त्यात तू फिरून फिरून एकच विचारलं आहेस, की चंद्रिकेने सासरी माप नीट ओलांडलं ना, उजव्या पायाने ना, तांदूळ घरातच सांडले ना. सांगतो. पण ते घर कसं आहे हे कळल्याशिवाय तुला उत्तर उमगायचं नाही, तेव्हा जरा दम धर.

अक्का, काय सांगू तुला! जन्मभर तळेगाव स्टेशनात तिकिटं दिली, पण माणसं गाडीत बसून असल्या घरांकडे जातात याची मला कल्पनाच नव्हती. आपले व्याही चिंतामणराव सिमेंट काँक्रीटचे इंजिनियर हे तुला ठाऊक आहेच. त्यांनी खंडाळ्याच्या अगदी कड्यावर बंगला बांधलाय, आणि तो लांबून आगबोटीसारखा दिसतो. कोपरे म्हणून नाहीत, सगळं गोल. खिडक्या गोल, गच्चीला लोखंडी नळ्यांचे कठडे, आणि डोक्यावर कौल नाही की पत्रा नाही, नुसतं सपाट छप्पर! खंडाळ्याच्या पावसात सपाट छप्पर! मी विचारलं, तर चिंतामणराव हसले आणि पाणी कुठून कुठे जातं ते त्यांनी मला जेवणाच्या पंगतीपर्यंत समजावून दिलं. समजलं काहीच नाही, पण मान डोलवून डोलवून दुखायला लागली.

आत गेलो तर उजेड आहे आणि दिवा नाही. मी सगळं छत धुंडाळलं. शेवटी कळलं की दिवे भिंतीच्या कंगोऱ्यात लपवून ठेवतात, म्हणजे ते दिसत नाहीत, हीच त्यातली ऐट. टोपी अडकवायला खुंटी नाही, पानाचा डबा ठेवायला कोनाडा नाही. कपाटं भिंतीतच, इतकी बेमालूम, की मी हात धुवायची खोली समजून एकात शिरलो आणि विहीणबाईंच्या लुगड्यांमधून बाहेर आलो. (हे दाजींना वाचून दाखवू नकोस.) खुर्च्या चकचकीत नळ्यांच्या, आणि अक्का, त्यांना मागचे पायच नाहीत! जावयांनी आग्रहाने बसवलं, नाही कसं म्हणायचं? सगळा चहा मी स्वतःच्या मांड्यांवर तोलून प्यालो. संडास तर निजायच्या खोलीला चिकटून. साखळी ओढताच घाटातला धबधबा कोसळतो. अनसूया तोंडात बोटं घालून परत आली, आणि थोड्या वेळाने उगाच पुन्हा जाऊन आली.

आणि जमीन! एकसंध, गुळगुळीत, रंगीत खडे घोटून केलेली, मेण लावून पुसलेली. पायरीपासून दिवाणखान्यात, तिथून काचेच्या दारांतून गच्चीवर एकच सपाटी, मध्ये काही म्हणजे काही नाही. आता आलं तुझ्या लक्षात? अक्का, त्या घराला उंबरठा नाही.

वरात दारात आली आणि भटजी थबकले. माप ठेवायचं कुठे? आत कुठलं आणि बाहेर कुठलं? बंगल्याचा माळी कोंडाजी मला हळूच म्हणाला, "मास्तर, आमी बी रोज वहाणा कुटं काढायच्या ह्येच हुडकतो." शेवटी विहीणबाई मुक्ताबाईंनी रांगोळीची एक रेघ ओढली आणि तिच्यामागे तांदळाने भरलेलं पितळी माप ठेवलं. चंद्रिकेने उजवं पाऊल उचललं. (तूच तिला शिकवलं होतंस ना, की भितऱ्यासारखा पाय लावायचा नाही, माप चांगलं कलंडलं पाहिजे?) लावला तिने पाय. पण माप कलंडलंच नाही! ते उभंच्या उभं, एकही दाणा न सांडता, निघालं. दिवाणखान्यातून गेलं, बिनपायांच्या खुर्च्यांखालून गेलं, काचेच्या दारांतून गच्चीवर गेलं, आणि कठड्याच्या खालच्या नळीखालून सुळ्ळकन दरीत.

 तेवढ्यात चिंतामणरावांचा आवाज आला, अगदी भरून आलेला. "पाहिलंत त्र्यंबकराव? सूतभर वळलं नाही! आणि गच्चीला पाण्यासाठी किंचित उतार दिलाय, तोही लागू पडला."

 आणि मागून त्यांच्या आत्याबाईंनी तोंडाला पदर लावून म्हटलंच, "लक्ष्मी आली ती घरात टेकलीच नाही, सरळ दरीत गेली." हा बोल एकदा चिकटला की पोरीला जन्मभर ऐकावा लागतो, अक्का. घरात काही फुटलं, कुणी आजारी पडलं, की ते माप पुन्हा दरीत जायचं. चंद्रिका मान खाली घालून उभी. भटजी आकाशाकडे बघायला लागले, पण तिथेही सपाट छप्पर. घरात दुसरं माप नव्हतं (त्यांच्याकडे तांदूळ काचेच्या बरणीत असतात). तेव्हा मुक्ताबाईंनी चहाचा पेला तांदळाने भरून आणला, रेघेमागे ठेवला, आणि शालू नेसलेली ती बाई सगळ्यांसमोर त्या गार जमिनीवर फतकल मारून बसली. पेल्यामागे दोन्ही हात लावले आणि म्हणाली, "मार गं पाय. मी धरलंय."

चंद्रिकेने पाय लावला. तांदूळ सगळेच्या सगळे सासूच्या ओच्यात. मला, खोटं कशाला बोलू, रडू आवरलं नाही. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नीट ओलांडलं म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

दाजींना नमस्कार. पायाला जप.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. तुझ्या परसदाराचा जुना सागवानी उंबरठा गोठ्यापाशी पडलाय ना, ज्यावर बसून चंद्रिका शेंगा खायची? तो जळणात घालू नकोस. मुक्ताबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, की तसला एखादा मिळेल का. गाडीत घालून तळेगाव स्टेशनात पोचव, पुढचं मी बघतो. चिंतामणरावांना यातलं काही माहीत नाही.

ता. क. दुसरं. दरीत गेलेलं माप तुझं होतं. तुझ्या लग्नातलं. तू पोरीला हौसेने दिलेलं. हे आधी लिहायचं होतं, पण घराचं वर्णन लांबलं. कोंडाजी उतरून घेऊन आला, करवंदीच्या जाळीत अडकलं होतं. पोचा आलाय. चंद्रिका ते परत द्यायला तयार नाही. उंबरठा बसला की अक्कासमोर पुन्हा माप ओलांडणार म्हणते, तेव्हा पाय लवकर बरा कर.

ता. क. तिसरं. काल खंडाळ्याला जाऊन आलो. मुक्ताबाईंची रांगोळीची रेघ केव्हाच पुसली गेलीय. पण चंद्रिका दारातून आत येताना तिथे पाऊल उचलते. मुक्ताबाईही उचलतात. आणि चिंतामणराव बाहेरून आले तेव्हा मी मुद्दाम पाहिलं, त्यांनीही उचललं. मग मला म्हणाले, दाराची रुंदी चार फूट आहे, तुमच्या बहिणीला कळवा.