चौऱ्याण्णव सेंटिमीटर

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा मोजलं. तेच आलं. चौऱ्याण्णव सेंटिमीटर.

काल पहिल्यांदा आलं तेव्हा वाटलं, यंत्राची तिपाई हलली असेल. आज यंत्र दुसऱ्या कोपऱ्यावर लावलं आणि उलट्या बाजूने सुरुवात केली. सगळा फेरा करून मूळ खुणेवर परत आले तेव्हा फरक चार मिलिमीटर. म्हणजे माप बरोबर आहे. भिंत चूक आहे.

देऊळ आणि मशीद यांच्यामधली भिंत. आमची, म्हणजे देवळाची. ती सबंध लांबीभर मशिदीच्या जागेत उभी आहे.

बांधली बाबांनी. मी जन्मायच्या चार वर्षं आधी, रविवारी-रविवारी, हाताखाली देवळातलीच माणसं घेऊन. धंद्याने सुतार, पण भिंतीचा ओळंबा असा की आजही दोरी लावून बघावं. ‘आयुष्यात सूतभर चुकलो नाही,’ हे वाक्य मी घरात इतक्यांदा ऐकलंय की ते घराच्या सामानातच धरायला हवं.

हे काम मला डॉक्टरांनी सांगितलं. दातांचे डॉक्टर, देवळाच्या समितीचे अध्यक्ष. देवळाच्या अंगणात, त्या भिंतीला लागून, सभागृह बांधायचं आहे. बारा वर्षं चाललंय. परवानगीला मोजणीचा नकाशा लागतो. शिवाय मशिदीने पत्र दिलंय — चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार करायचा आहे, जागा अपुरी पडते, अर्धा मीटर द्याल का? डॉक्टर पत्र हातात धरून म्हणाले, “आज अर्धा मीटर मागतायत, उद्या गाभारा मागतील. तू मोजून टाक एकदाची. कागदच दाखवू, म्हणजे विषय संपला.”

विषय संपेल असं वाटत नाही.


गुरुवार, ६ मार्च

कारण सापडलं.

रस्त्याच्या कडेला दोन दगड आहेत. दोन्ही जमिनीत पुरलेले, दोन्हींवर फुलीची खूण. एक हद्दीचा. दुसरा जुन्या गटाराची दिशा दाखवणारा. अंतर चौऱ्याण्णव सेंटिमीटर. बाबांनी दोरी गटाराच्या दगडावरून धरली!

एकतीस वर्षं आमच्या देवाची सीमा गटाराने ठरवली आहे. हसू आलं. मग आलं नाही.

मशिदीच्या पायऱ्या आणि आमची भिंत यांच्यात उरतात पंच्याहत्तर सेंटिमीटर. उताराला सव्वा मीटर लागतो. मी पाचवी-सहावीत असताना मास्तरांच्या आईला खुर्चीसकट चौघे उचलून पायऱ्या चढवत. (मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे टेलर. मशिदीचा कारभार तेच बघतात. माझे शाळेचे सगळे गणवेश त्यांनी शिवले.) आम्ही पोरं भिंतीवर चढून बघायचो. ‘पालखी आली’ म्हणायचो.

ज्या भिंतीवर चढायचो, ती हीच.


शुक्रवार, ७ मार्च

बाबांना सांगायचं आहे. आज सांगितलं नाही.


शनिवार, ८ मार्च

सांगितलं. नकाशा टेबलावर पसरला आणि फक्त आकडे सांगितले. मला तेवढंच जमतं.

बाबा उठले, घडीची पट्टी खिशात घातली आणि चालायला लागले. मी मागून. रस्त्यावर दोन्ही दगडांपुढे गुडघ्यावर बसले. रुमालाने आधी एक पुसला, मग दुसरा. पट्टी उघडली, मोजलं, पुन्हा मोजलं. येणारेजाणारे वळून बघत होते.

“पट्टी बरोबर होती,” म्हणाले. “सुरुवातच चुकली.”

उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. कधी घेत नाहीत.

घरी आत्याने विचारलं, “तोंडं का अशी? कुणी गेलं की काय?” आई गेल्यापासून आत्या आमच्याकडे असते. तिच्यापासून काही लपत नाही, कारण ती लपवायला वेळच देत नाही. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, “दादा, आता जेव. भिंत कुठे पळून जात नाही. तोच तर घोळ आहे.”


रविवार, ९ मार्च

डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. रुग्ण नव्हता, म्हणून त्यांनी मलाच त्या खुर्चीत बसवलं. डोळ्यांवर दिवा.

“यंत्र पण चुकू शकतं ना गं?”

“चुकतं. चार मिलिमीटर.”

त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला. मग आवाज मऊ केला. आता टोचणार, असं वाटायला लावणारा मऊ आवाज. मशीदवाल्यांना ठाऊक आहे? नाही. मग घाई कशाला? सभागृह होऊ दे, मग बघू. भिंत मागे घेतली तर रुंदी पाच मीटर सहा सेंटिमीटर. नियमात सहा मीटर लागतात. म्हणजे सभागृह नाहीच. बारा वर्षं पाण्यात! आणि लोक काय म्हणतील — मिस्त्रीने देवळाची अब्रू घालवली. “तुझ्या वडिलांचाच विचार करतोय मी.”

हे शेवटचं खोटं नव्हतं. म्हणूनच जड गेलं.

मी म्हटलं, सही मी ज्या मापाला करते ते एकच असतं. दुसरं हवं असेल तर दुसरा माणूस बघा. हे खूप थंडपणे म्हटलं. हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होते, ते त्यांना दिसले नसावेत.


बुधवार, १२ मार्च

बाबा देवळात जातात, दिवा लावतात, परत येतात. आज स्वयंपाकघराच्या खिडकीला रंधा मारत बसले. खिडकी आधीच गुळगुळीत आहे.

माप खोटं लिहिलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. हा विचार माझ्या मनात आला, हे इथे लिहून ठेवते. आला आणि मिनिटभर बसला.


रविवार, १६ मार्च

समितीची बैठक. अकरा जण. मी सभासद नाही, नकाशा समजावण्यापुरती बोलावलेली. मागच्या खांबाला टेकून उभी राहिले — देवळात माझी जागा तीच. देवाशी माझं बोलणं कमी आहे. पण ती जागा मला आवडते.

डॉक्टरांनी नेहमीसारखी सुरुवात केली. आपण सर्व धर्मांचा मान राखणारी माणसं, सगळ्यांचा देव एकच मानणारी माणसं... मग ‘पण’ आला. मोठा होता. भाषणात मानणं सोपं आहे. इथे चौऱ्याण्णव सेंटिमीटरमध्ये मानायचं होतं.

कुणी म्हणालं, त्यांची तक्रार आली आहे का? कुणी म्हणालं, इतक्या वर्षांत जागा आपलीच झाली. कुणी म्हणालं, ते आपल्यासाठी करतील का असं? आणि एक जण बाबांकडे न बघता म्हणाला, “दगड ओळखता येत नाहीत, तर मिस्त्री कशाला म्हणवून घ्यावं?”

बाबा उभे राहिले. त्यांना चारचौघांत बोलता येत नाही. हातात टोपी गोल फिरवत राहिले. त्यांचे शब्द जसे आठवतात तसे लिहिते, कारण मला ते जसेच्या तसे हवे आहेत.

“चूक माझी. वीट माझी, दोरी माझी, नजर माझी. मुलीने मोजलं, बरोबर मोजलं. आता एवढंच सांगतो. आपण इथे रोज हात जोडून म्हणतो की सगळ्यांच्या आत तोच आहे. मग पलीकडे जे वाकतात, ते त्याच्यापुढेच वाकतात ना? मग ते अंगणही त्याचंच. म्हणजे मी देवासाठी म्हणून देवाच्याच अंगणात भिंत घातली. न कळता घातली ते एक झालं. आता कळल्यावर ठेवायची असेल, तर मला इथे दिवा लावता येणार नाही. दुसरा माणूस बघा.”

दुसरा माणूस बघा! माझेच शब्द. मी दवाखान्यात काय बोलले ते त्यांना सांगितलं नव्हतं.

मग आत्या. सभागृहासाठी सगळ्यांत जास्त भांडली ती आत्याच. बायका उन्हात बसतात म्हणून तिने प्रत्येक बैठकीत डॉक्टरांचं डोकं खाल्लंय. ती बसल्या जागेवरून म्हणाली, “मी बसेन उन्हात. सवय आहे. लोकांच्या जागेतल्या सावलीत कसली शांती मिळणार मला? आणि ते आपल्यासाठी करतील का, हे विचारणाऱ्यांनी घरी जाऊन आरशात बघा. धर्म आपला आहे ना? मग आपण पाळायचा. त्यांनी हमी द्यायची कशाला?”

हात वर केले. सात विरुद्ध चार. भिंत पाडायची, हद्दीवर नवी घालायची. सभागृह रद्द.

बाबा खाली बसले. कानापर्यंत लाल झाले होते. मला अभिमान वाटला. शब्द मोठा आहे, मी वापरत नाही. खोडायला पेन उचललं होतं. राहू दे.


सोमवार, १७ मार्च

बाबा मास्तरांकडे गेले. मला बरोबर नेलं, ‘आकडे विचारले तर’.

मास्तरांनी मशीन थांबवलं, एका स्टुलावरचे कपडे हलवले, बाबांना बसवलं. बाबांनी सगळं सांगितलं — दोन दगड, गटार, चौऱ्याण्णव. एकही सबब नाही. शेवटी हात जोडले. “मास्तर, माफी असावी. एकतीस वर्षं तुमच्या जागेत आहोत.”

मास्तर चष्मा काढून बाबांकडे बघत राहिले. “असं? कमाल आहे! आम्हाला काय ठाऊक. भिंत दिसते तिथे दिसते. कोण मोजायला जातंय?” मग म्हणाले, “राहू द्या हो मिस्त्री. अर्धा मीटर दिलात तरी आमचं भागेल.”

“नाही. सगळी.”

“हट्टी आहात.”

“सुतार आहे.”

मास्तर हसले. “मग विटा जपून काढा, नव्या भिंतीला लागतील. आमची माणसं येतील हाताला. आणि हे बघा, चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही. माफीबिफी नंतर.” माझ्याकडे वळून, “काय गं, एवढीशी होतीस, गणवेशाची मापं देताना हलायचीस. आता तूच आमची मापं काढतेस होय!”

चहा घेताना बाबांच्या कपातला चहा बशीत सांडला. मास्तर मुद्दाम सुईत दोरा ओवत बसले. सुईत आधीच दोरा होता.


रविवार, २३ मार्च

भिंत पाडली. सकाळी सातला सुरुवात, तीनपर्यंत संपली. इकडची चौदा माणसं, तिकडची सतरा. मी मोजली, सवयच आहे.

पहिली वीट बाबांनी काढली. बांधकाम इतकं पक्कं की पहार लावूनही हलेना. तिकडचा एक म्हातारा ओरडला, “मिस्त्री, चुकीचं काम एवढं चांगलं कशाला केलंत?” दोन्ही बाजू हसल्या. बाबाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

आणि डॉक्टर आले! विरोधात हात वर करणारे डॉक्टर, दवाखान्याचे हातमोजे घालून. एकेक वीट दात काढावा तशी सैल करून अलगद उपसत होते. माझ्याशी फक्त एक वाक्य बोलले. “मत विरोधात होतं. ठराव तर आपला आहे.” हेही कमी नाही. त्यांच्याबद्दल नवव्या तारखेला जे मनात होतं ते लिहिलं नाही, बरं झालं.

दुपारी त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली. इकडे कुणी कुणाला सांगितलं नाही, पहारी आपोआप खाली ठेवल्या गेल्या. भिंत गुडघ्यापर्यंतच उरली होती, त्यामुळे पहिल्यांदाच सगळं समोर दिसलं — ओळीत वाकलेल्या पाठी, आणि आमच्याकडून उघड्या दारातून दिसणारी समई. आत्या वातीत तेल घालत होती. तिने वर बघितलं, पुन्हा तेल घालायला लागली. जणू रोजचंच.

मी नवीन हद्दीवर खुंट्या ठोकल्या. बाबांनी दोरी धरली. या वेळी त्यांनी दोनदा विचारलं, “हाच दगड ना?”


शुक्रवार, ४ एप्रिल

उतार झाला. पहिली खुर्ची वर गेली ती एका आजींची. कुणी उचललं नाही. स्वतःच चाकं फिरवत गेल्या.


मंगळवार, ८ एप्रिल

हद्दीची दुरुस्ती नोंदवायला कचेरीत गेले. बाईंनी दोन्ही जागांच्या फायली काढून दिल्या. मशिदीच्या फाइलमध्ये एकतीस वर्षांपूर्वीचा एक अर्ज होता. ‘शेजारच्यांची नवी भिंत आमच्या हद्दीत, त्र्याण्णव सेंटिमीटर.’ टेपने मोजलेलं असणार, तरी एकाच सेंटिमीटरचा फरक. त्याला टाचलेला दुसरा कागद, पाच दिवसांनंतरचा. ‘तक्रार मागे घेत आहोत. शेजारी देव बसले आहेत. आता काही हलवायला सांगणे नको.’ खाली सही. मास्तरांची.

कागद होते तसे लावले. फाइल परत दिली.

येताना दुकान लागलं. मास्तरांनी मशीनवरून मान वर केली. “काय गं, झाली नोंद?”

“झाली,” म्हटलं.

बाबांना सांगितलेलं नाही.