अकरा बटणं

गुरुवार, १४ तारीख
दुकानातून, दुपारी अडीच

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. बाबा बरे आहेत, मीही बरी आहे. शिवणयंत्राचा पट्टा बदलून घेतला. बाबांच्या पायाला जरा फोड आलेत, पण ते पुढे सांगते.

तुझं पत्र आणि सोबतची ती स्वतःला प्रश्न विचारायची छापील वही मागच्या आठवड्यातच पोहोचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. तेव्हा लिहिलेलं तुला वाचवलं नसतं. आग अजून आहेच, फक्त आता अक्षर नीट येतंय.

तू म्हणे आता हेतूपूर्वक जगायला लागलास. पहाटे उठतोस, तीन पानं लिहितोस, थंड पाण्यात पोहतोस, आणि ज्यातून आपली वाढ होत नाही ते सगळं आयुष्यातून काढून टाकतोस. छान. तर काढून टाकलेल्या गोष्टी म्हणजे जुने बूट, वर्तमानपत्र आणि बाबांना रविवारी करायचा फोन! वर खुलासा: "ते मला ओळखतही नाहीत, ताई. त्या बोलण्यातून कुणाचीच वाढ होत नाही." अरे शहाण्या, एक्याऐंशीव्या वर्षी त्यांनी आणखी किती वाढायचं? ओळखत नाहीत हे खरं. पण फोन ठेवल्यावर दरवेळी मला सांगायचे, "कोण होता कोण जाणे, पण बोलायला गोड होता." हे मी तुला कधी कळवलं नाही, ही माझी चूक.

आणि मला काय लिहितोस? "ताई, तू सवयीने जगतेस. थांबून स्वतःला विचार, मी हे का करते?"

का करते ते ऐक. तुला ठाऊक नाही, कारण गेल्या दोन वर्षांत तू इथे एकूण चार दिवस राहिलास. बाबांना आता कापड बेतता येत नाही, यंत्रावर मी बसू देत नाही. पण बटणं ते अजून अशी लावतात, की ओढली तरी हलत नाहीत. म्हणून एक निळा कोट मी ठेवलाय, कुणीच न नेलेला. पुढे तीन बटणं आणि दोन्ही बाह्यांना चार-चार. रोज सकाळी बाबा खुर्चीवर बसतात, बोटात अंगुस्तान घालतात आणि म्हणतात, "गिऱ्हाईक संध्याकाळी येणार, घाई आहे." पाचपर्यंत अकरा बटणं लावून होतात. ते तोंड धुवायला आत गेले, की मी बारीक कात्रीने अकराही काढते, दोऱ्याचे तुकडे चिमट्याने वेचते आणि कोट परत खुंटीला लावते. कापड विरायला लागलं तर आतून ठिगळ देते. दोन वर्षं. एक दिवस चुकला नव्हता. याला तू सवय म्हणतोस? तुझ्या पोहण्यात याच्या निम्मा तरी हेतू आहे का रे?

चुकला नव्हता, असं लिहिलंय मी. मंगळवारपर्यंत.

मंगळवारी तुझी वही उघडली. हसू नकोस. शिव्या द्यायलाच उघडली होती, पण वाचत गेले. पान नऊवर लिहिलंय: असं एक काम लिहा, जे तुम्ही रोज करता आणि ज्याने कुणाचंच भलं होत नाही. आज ते करू नका. मी लिहिलं, बटणं. आणि नाही काढली. त्या संध्याकाळी दुकान बंद करून बागेत जाऊन बसले. इतकं बरं वाटलं, की लाज वाटावी.

काल सकाळी बाबांनी कोट मांडीवर घेतला. एकेक बटण चाचपलं, ओढून पाहिलं. मग कोटाची नीट घडी घातली, अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "काम संपलं, मालकीणबाई. नवीन काही असलं तर निरोप पाठवा." मी एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते, तोंडात टाचण्या होत्या. वाटलं, आत गेले असतील. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

साडेतीन तास, धाकट्या. शेजारच्या औषधांच्या दुकानदाराने दुकान उघडं टाकून एक बाजू शोधली, दुसरी मी. शेवटी नदीपलीकडच्या बेकरीवाल्या बाईंचा फोन आला. बाबा त्या रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात शिरून विचारत होते, "कोटाचं काम आहे का?" ज्यांच्याकडे लोक कोटासाठी महिना महिना थांबायचे, ते दारोदार काम मागत होते! एकाने त्यांना हाकलूनही दिलं. बेकरीवाल्या बाईंनी बसवून घेतलं, पाणी दिलं. त्यांना म्हणाले, "बसून चालायचं नाही, घरी दोन लहान मुलं आहेत."

दोन म्हणाले. तुलाही मोजलं.

चूक माझी आहे, ती मी तुझ्यावर ढकलत नाही. मला राग कशाचा येतो सांगू? वहीतला प्रश्न खोटा नव्हता, याचा. थांबून विचारलं तर मला इथून बाहेर पडायचं आहे, हे खरंच आहे. शिवणशाळेने दोनदा बोलावलं होतं, दहा आठवडे कोटाचं शिवण शिकवायला. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं, आणि तुला कळवलंही नाही. तू "बघ ना ताई, कसं जमतंय" म्हणून मोकळा झाला असतास, तेवढं मला ऐकायचं नव्हतं. प्रश्न विचारायला तू पुढे, आणि उत्तराचं ओझं वाहायला मी एकटी, हे कुठलं हेतूपूर्वक जगणं?

आज सकाळी शिवणशाळेला हो कळवलं. एक तारखेला निघते. तू अठ्ठावीसला इथे यायचं. तीन संध्याकाळी माझ्यासमोर बटणं काढायची, मग दहा आठवडे एकट्याने. कात्री आडवी धरायची, कापडाकडे टोक न्यायचं नाही. ते तुला परका समजतील, नवा कारागीर म्हणतील, टाका वाकडा गेला तर ओरडतील. ऐकून घ्यायचं. कोट संपू द्यायचा नाही.

उत्तर पाठवू नकोस. मी तुला काही विचारलेलं नाही.

तुझी थोरली बहीण,
आणि दहा आठवडे तेवढीच